आप्पांसाठी जुना ट्रॅक्टर: इंडीचा फोर्ड सोडा, बार्शीचा एचएमटी बघून या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नोकरी करतात, गाव मोहोळ तालुक्यात. वडील, म्हणजे आप्पा, ७२ वर्षांचे. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तरुणपणी ते एका मालकाकडे एचएमटी चालवायचे. शेत आता वाट्याने दिलंय, त्यामुळे आप्पा दिवसभर ओट्यावर. जुना ट्रॅक्टर घेऊन बापलेकांनी मिळून नीट करावा, असं मनात आहे. सगळं मिळून बजेट दीड लाख. तीन ट्रॅक्टर बघून ठेवलेत: इंडीचा फोर्ड ३६००, चालू, नवा रंग दिलेला, १ लाख ३० हजार, मंगळवेढ्याचा महिंद्रा बी-२७५, चालू पण धूर मारतो, ९० हजार, आणि बार्शीकडचा एचएमटी २५११, सहा वर्षं बाभळीखाली उभा, ४५ हजार. कुठला घ्यावा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंडीचा सोडा. बार्शीला जा, आप्पांना घेऊन जा, आणि इंजिन फिरत असेल तर तोच घ्या. नाही फिरलं तर मंगळवेढ्याचा. शेजारीपाजारी याच्या उलट सांगतील. चालू ट्रॅक्टर सोडून बंद पडलेला घ्यायला सांगणारा मेकॅनिक म्हणजे स्वतःचं गिऱ्हाईक पक्कं करणारा, असंही म्हणतील. म्हणू देत.

मोहोळ-पंढरपूर रोडला माझं गॅरेज आहे, पस्तीस वर्षं होत आली. तुम्ही जे करायला निघालात ते मी बारा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांसोबत करून बघितलं आणि पहिल्या फेरीला सपशेल फसलो. मला तेव्हा किर्लोस्कर-ड्यूट्झचं वेड होतं. जर्मनीच्या ड्यूट्झशी करार करून किर्लोस्करांनी नाशिकला सत्तरच्या दशकात हे ट्रॅक्टर काढले होते. इंजिन हवेवर थंड होणारं, रेडिएटर नाही, पाणी नाही. एक स्वस्तात मिळाला, मी उचलला. पार्टसाठी दीड वर्ष हिंडलो, ते एक झालंच. पण खरी चूक दुसरीच होती. आमच्या आण्णांची, म्हणजे वडिलांची, हयात मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टरवर गेलेली. या ट्रॅक्टरचा एक नट त्यांच्या ओळखीचा नव्हता. पहिले पंधरा दिवस रोज आले, मग नुसता चहा घेऊन यायला लागले, मग तेही बंद झालं. मला वाटलं, वय झालं, थकले. एक दिवस शेजारच्या वस्तीवरच्या मॅसीचं हायड्रोलिक हिसके मारत होतं, तर आण्णा दोन तास उन्हात उभे राहून त्या ड्रायव्हरला शिव्या घालत ते दुरुस्त करून घेत होते. थकले वगैरे काही नव्हते. माझ्या ट्रॅक्टरवर त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, एवढंच.

म्हणून ट्रॅक्टर निवडताना हॉर्सपॉवर आणि मॉडेलच्या आधी मी विचारतो, म्हाताऱ्याचा हात कशावर बसलाय? आप्पांचा एचएमटीवर. ज्या माणसाने दहा-पंधरा वर्षं एका जातीचा ट्रॅक्टर चालवलाय, त्याला तो डोळे मिटून कळतो. कुठल्या गिअरला अडतो, क्लच कुठे धरतो, गरम झाल्यावर आवाज कसा बदलतो, हे पुस्तकात नसतं. मग गॅरेजात मालक ते, हेल्पर तुम्ही. ही मांडणी जमली तर काम तडीस जातं.

आता ट्रॅक्टरबद्दल. एचएमटी म्हणजे आपली घड्याळवाली सरकारी कंपनी. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरबरोबर तिने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पिंजोरला ट्रॅक्टर सुरू केले आणि २५११ हे त्यातलं गाजलेलं मॉडेल. दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर. जुनी माणसं आजही त्याला 'झेटर'च म्हणतात. ट्रॅक्टरचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. तेव्हा कंपनीचा माल विसरा, पण झिजणारे पार्ट, म्हणजे लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सील, क्लच प्लेट, बाहेरच्या बनावटीचे मिळतात. सोलापुरात सगळे एका दुकानात मिळतील असं नाही. यादी करून एकदम मागवायचे आणि ट्रान्सपोर्टने येईपर्यंत दुसरं काम धरायचं.

या इंजिनची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचे लायनर, म्हणजे ज्या नळ्यांत पिस्टन खाली-वर होतात त्या. ते सुटे आहेत आणि बाहेरून थेट पाण्यात बसतात. म्हणजे सिलिंडर झिजला म्हणून ब्लॉक बोअरिंगला टाकायची गरज नाही. जुना लायनर ओढून काढा, नवी रबरी रिंग घाला, नवा बसवा. घरच्या शेडमध्ये होणारं काम आहे. फोर्डचं तसं नाही. त्याच्या मूळ इंजिनात ब्लॉकमध्येच बोअर आहे, झिजला की वर्कशॉप गाठावं लागतं. शिवाय दोनच सिलिंडर म्हटल्यावर खर्चही कमी.

पण याच लायनरची दुसरी बाजू आहे. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरवेलचं खारट पाणी घालायची पद्धत. त्या पाण्याने लायनर बाहेरून खातो आणि खालची रबरी रिंग कुजली की पाणी इंजिनच्या तेलात उतरतं. सहा वर्षं उभ्या ट्रॅक्टरला हे बघायचंच. डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, विसंबू नका. इंजिनच्या तेलाच्या चेंबरचा खालचा ड्रेन नट हळूहळू ढिला करा, पुरता काढू नका. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, म्हणून नटातून आधी तेच येईल. चहाच्या कपाएवढं आलं तर घाबरायचं कारण नाही, लायनर बदलायचेच आहेत. तांब्याभर आलं तर क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावर, गंज धरून चालायचं आणि भाव त्या हिशेबाने पाडायचा.

इंजिन फिरतं का, हे कळायला सगळ्यात सोपी परीक्षा: वरचा गिअर टाका आणि दोघा-तिघांनी ट्रॅक्टर ढकला. (चाकांत हवा भरायला पंप सोबत न्या, सहा वर्षं उभ्याच्या चाकांत हवा नसते.) फॅन फिरला की जिंकलात. चाकं घासत गेली आणि फॅन हलला नाही, तर इंजिन जाम. आणि हो, चाकं मोकळी फिरली आणि फॅन स्थिर, तर क्लच गेलाय, त्यावरून इंजिनचं काहीच कळत नाही. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून बघा.

जाम निघाला म्हणून लगेच पाठ फिरवू नका. डिझेल फवारणारे नोझल काढून त्या भोकांतून निम्मं डिझेल निम्मं इंजिन ऑइल सोडायचं आणि आठ-दहा दिवस विसरून जायचं. मग पुली दोन्ही बाजूंना हलके हलके हिसके देऊन बघायची. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून जाम मोडायचा प्रयत्न कुणी सुचवेल, त्याला चहा पाजून घरी पाठवा. तसं केल्याने रिंगा तुटतात, कधी पिस्टनही. पण हे सगळं व्यवहाराआधी मालक करू देईल असं नाही. म्हणून माझा नियम साधा: जागेवर फिरलं तर ४० पर्यंत जायला हरकत नाही, नाही फिरलं तर तो भंगारच्या भावाचा ट्रॅक्टर आहे आणि तुमच्या पहिल्याच कामाला तो नको.

मंगळवेढ्याचा बी-२७५ वाईट नाही, उलट नुसतं गणित केलं तर तोच बरा. महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये कंपनी काढली आणि १९६५ पासून बी-२७५ यायला लागला. चार सिलिंडरचं साधं इंजिन, पार्ट मुबलक आणि गावोगाव त्याचा मेकॅनिक. एक मात्र बघा, तो खरंच जुना बी-२७५ आहे की नंतरचा २७५ डीआय. विकणारे दोन्हीला 'दोनशे पंचाहत्तर' म्हणतात. जुन्याला थंडीत सुरू करायला हीटर लागतो, डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनवर पडतं, हीटर नाही. पिस्टन, नोझल, हेड, सगळं वेगळं. पार्ट आणायला गेल्यावर हे कळणं महाग पडतं.

त्याच्या धुराचं निदान असं. सकाळी सातला जा आणि आदल्या दिवशी मालकाला फोनवर सांगा की आम्ही यायच्या आधी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, सायलेन्सरला हात लावून बघा. गरम लागला तर मालकाने थंडीतलं दुखणं लपवलंय. थंड इंजिनाने पहिली दोन मिनिटं पांढरा धूर टाकला तर ते डिझेल नीट न जळल्याचं, चालतं. गरम झाल्यावरही निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, रिंगा-लायनर गेले. लोडवर काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग पंप-नोझल. कित्येकदा तेलाच्या एअर फिल्टरमध्ये दहा वर्षांचा चिखल असतो आणि मालक 'इंजिनला आलंय' म्हणून पाव किमतीत देऊन टाकतो. शेवटी ब्रीदरवर, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर पडायच्या तोंडावर, तळहात धरा. दमदार फुंकर बसली तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगांमधून दाब खाली निसटतोय, इंजिन खोलायचं हे ठरलं.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट इंजिनाइतकीच बघावी लागते, ती म्हणजे ट्रॅक्टरने ऊस ओढलाय का. साखर कारखान्यांचा जिल्हा हा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात नुसती मालदांडी ज्वारी पेरून वाढलेला ट्रॅक्टर आणि चाळीस वर्षांत वीस हंगाम उसाच्या दोन ट्रॉल्या ओढलेला ट्रॅक्टर, दोघांचं साल एकच असलं तरी वय एक नसतं. मालक 'कधीच ऊस नाही ओढला हो' म्हणणारच. तुम्ही मागचा हूक बघा. पिनेचं भोक गोल आहे की लंबगोल? लंबगोल झालं असेल, किंवा हुकाला वेल्डिंगची थरावर थर ठिगळं असतील, तर क्लच, डिफरन्शियल आणि मागचे ब्रेक यांचा खर्च धरूनच भाव बोला. बाकी हायड्रोलिकवर काहीतरी जड लावून उचलून बघा, हिसके मारत खाली-वर नाचलं तर आत गळती आहे. स्टेरिंगला किती प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे ते बघा, पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवा. गिअर निसटतो का, हे शेतात लोडवरच कळतं.

इंडीचा फोर्ड नको म्हणण्याची कारणं अशी. विकायच्या आधी दिलेला रंग मला कधीच आवडला नाही. गळती, चिरा, वेल्डिंग, सगळं त्याच्याखाली जातं. आणि जो ट्रॅक्टर कुणीतरी आधीच 'नीट' केलाय तो बापलेकांनी परत काय नीट करायचा? बजेटचं गणितही बसत नाही, १ लाख ३० गेल्यावर हातात वीस हजार उरले. खरेदीत बजेटचा निम्मा भाग, जास्तीत जास्त साठ टक्के, एवढाच घालायचा. मागच्या टायरची नवी जोडीच तुमच्या दीड लाखातला पाचवा हिस्सा तरी खाते. आणि टायर बघताना रिम बघायला विसरू नका. वजनासाठी चाकात पाणी भरलेलं असतं आणि व्हॉल्व्हच्या भोकापाशी रिम आतून सडत येते.

शेवटचं कारण कागदांचं. इंडी म्हणजे विजापूर जिल्हा, नंबर केए-२८ चा असणार. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, मग इकडे नवीन नोंदणी. होतं, पण खेटे घालावे लागतात आणि तुम्ही पुण्यात. इथल्या इथे असेल तर नमुना २९ आणि ३० वर काम भागतं. जुन्या ट्रॅक्टरला मात्र तीन गोष्टी अडतात. पहिली, नोंदणीची मुदत. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, नमुना २५. बाभळीखालच्याचं ते झालेलं नसणार, उशिराचा दंड कुणी भरायचा ते आधी ठरवा. दुसरी, बोजा. जुन्या आरसीवर भूविकास बँकेसारख्या, काम केव्हाच गुंडाळलेल्या बँकेचं नाव निघतं. कर्ज फिटलेलं असलं तरी नमुना ३५ शिवाय ते उतरत नाही. तिसरी, मालक हयात आहे का. वारला असेल तर नमुना ३१ आणि सगळ्या वारसांची संमती, आणि त्यातला एक नेमका मुंबईत असतो. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या आणि आरसीशी ताडून बघा. हे झाल्याशिवाय इसार द्यायचा नाही, पाचशे रुपयेसुद्धा नाही.

आता आप्पांचं. लोक म्हातारा माणूस म्हटलं की त्याला खुर्ची टाकून बसवतात आणि 'तुम्ही फक्त सांगा' म्हणतात. तसं करू नका, चार दिवसांत उठून जातील. त्यांना हातातलं काम द्या, बसून करायचं. कमरेच्या उंचीचं एक लोखंडी टेबल करून घ्या, नोझल, फिल्टर, डायनॅमो, स्टार्टर, हायड्रोलिकचा व्हॉल्व्ह, सगळं सोडवून त्यावर आणा. नटबोल्ट डिझेलमध्ये धुणं आणि डब्यांत लावून ठेवणं हे हलकं काम नाही, निम्मा ट्रॅक्टर तिथेच हुकतो. कुठला बोल्ट कुठला, ते आप्पांनी ठेवायचं. त्यांनी ठेवलेलं तुम्ही न विचारता हलवायचं नाही.

न करायच्या गोष्टीही सांगतो, यात मी कडक आहे. ट्रॅक्टर मधून खोलताना, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करताना, आप्पा दहा फुटांवर. एक अनुभवी मेकॅनिक, चेनकप्पी आणि खाली सागाचे नाहीतर बाभळीचे ठोकळे. नुसत्या जॅकवर कुणीही खाली जायचं नाही. पाणी भरलेलं मागचं चाक दोघांनीच काढायला जाऊ नका, ते कलंडलं तर थांबत नाही. जुन्या क्लच प्लेटच्या आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्या धुळीवर हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आप्पा रक्त पातळ होण्याची गोळी घेत असतील तर हातमोजे सक्तीचे, पत्रा लागला की रक्त थांबत नाही. आणि पहिल्यांदा इंजिन चालू कराल तेव्हा हवा जायच्या तोंडाच्या मापाची एक लाकडी फळी हाताशी ठेवा. डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी आतली दांडी, अडकला तर इंजिन सुसाट सुटतं, डिझेल बंद करून लगेच थांबत नाही. मग फळी दाबून हवा तोडायची. तळहात कधीच नाही.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीनंतर सुरू करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोलापुरात माणसाने काम करावं असे दिवस. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की सकाळी सहा ते नऊ, त्यानंतर पाना हाताला चटके देतो. तुम्ही शनिवार-रविवारी येणार, म्हणजे महिन्याचे आठ दिवस. त्या हिशेबाने पुढच्या खंडेनवमीला हार घालायला ट्रॅक्टर स्वतःच्या इंजिनावर दारात यावा, एवढंच उद्दिष्ट ठेवा. रंग त्यानंतर. आधी रंगाला लागलेले ट्रॅक्टर मी पुष्कळ बघितलेत, टायरपाशी गवत वाढलेले. आणि मधल्या पाच दिवसांत आप्पांनी एकट्याने काही खोलून ठेवलं असेल तर रागावू नका. फोन करून नुसतं विचारा, काय निघालं.

२५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर काळ्या रानात खोल नांगरट करणार नाही, हे आप्पांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल. कुळव, पेरणी, पाण्याची टाकी आणि गावातून एक चक्कर, याला तो पुरतो.

शेवटचं, डावा गुडघा. क्लच डाव्या पायाला आणि जुन्या एचएमटीवर चढायचं म्हणजे पाय बराच वर घ्यावा लागतो. घ्यायच्या आधी आप्पांना एकदा चढून बसवून बघा आणि क्लच दाबायला सांगा. जड वाटला तर लिंकेज गंजलेलं असेल, सोडवून ग्रीस केल्यावर बराच हलका होतो. पायरीखाली आणखी एक पायरी वेल्डिंग करून घेता येते, तासाभराचं काम. आमच्या आण्णांसाठी नंतर जी मॅसी केली तिला मी तशी पायरी लावायला काढली, तर म्हणाले, "मला कशाला रं? मी काय म्हातारा झालोय?" मी गप्प बसलो. आठ दिवसांनी स्वतःच वेल्डरकडे जाऊन लावून आले आणि घरी येऊन सांगितलं, नातवाचा पाय पुरत नाही म्हणून लावली. नातू तेव्हा अडीच वर्षांचा होता.